एकशे वीसची लय कुणाची?

लॅपटॉप आला, ऑडिओ इंटरफेस आला, माइक आणि हेडफोन आले, खिडकीला जुनी गोधडी टांगून झाली, की घरातल्या खोलीत स्टुडिओ थाटणारा माणूस फोन करतो आणि विचारतो, ‘सॉफ्टवेअर कुठलं घेऊ?’ हा फोन मला वर्षातून दहा-बारा वेळा तरी येतो. विचारणाऱ्यांत भजनी मंडळाचे बुवा असतात, निवृत्तीनंतर भावगीतांकडे वळलेले गृहस्थ असतात, गणपतीसाठी मिक्स बनवणारी पोरं असतात. प्रत्येकाला एका नावात उत्तर हवं असतं. मी म्हणतो, आधी कुठलंही एक उघडा आणि पाच मिनिटं काही न करता पडद्याकडे नुसते बघत बसा.

बघण्यासारखं बरंच असतं. वर कोपऱ्यात आकडा असतो, बहुतेक ठिकाणी १२०. त्याच्या शेजारी ४/४. डावीकडे पियानोच्या पट्ट्या आडव्या पाडून एकावर एक रचलेल्या आणि त्यांच्यासमोर उभ्या-आडव्या रेघांची जाळी, जिला सगळे ग्रिड म्हणतात. म्हणजे तुम्ही तोंड उघडण्याआधीच लय ठरलेली आहे, ठेका चारचा ठरलेला आहे आणि सप्तकाचे बारा समान तुकडे पडलेले आहेत. हे सगळं बदलता येतं, हे मलाही माहीत आहे. पण शंभरातले नव्वद लोक ते बदलत नाहीत. ते त्या चौकटीत गाणं बसवतात आणि मग ‘आपलं गाणं जरा यांत्रिक वाटतंय’ म्हणून नवा प्लगइन शोधायला निघतात.

माझं म्हणणं एवढंच आहे. हे सॉफ्टवेअर निवडताना त्यात किती वाद्यं मिळतात आणि किती इफेक्ट आहेत, हे मोजू नका. गाणं म्हणजे काय याबद्दल त्याने मनाशी काय धरलंय, ते तुम्हाला किती सहज मोडता येतं आणि शेवटी तुमच्या हातात काय उरतं, हे बघा.

या धारणा आल्या कुठून? १९८३ साली अमेरिकेतल्या एका व्यापारी प्रदर्शनात दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे सिंथेसायझर एका केबलने जोडून दाखवले गेले. एकाची पट्टी दाबली की दुसरा वाजत होता. त्यामागे अमेरिकेचे डेव्ह स्मिथ आणि जपानच्या रोलँड कंपनीचे इकुतारो काकेहाशी होते. या व्यवस्थेचं नाव ‘मिडी’. मिडीला मुळात दोनच गोष्टी कळतात: पट्टी दाबली आणि पट्टी सोडली. किती जोरात दाबली याला १२७ पायऱ्या, स्वरांना १२८ खुणा. सूर एका जागेवरून दुसऱ्या जागेवर घसरत गेला, तर ती गोष्ट ‘पिच बेंड’ या वेगळ्या खात्यात जमा. मींड आपल्याकडे गाण्याचा जीव आहे. तिथे ती पुरवणीत गेली.

पुढच्या सॉफ्टवेअरची घराणी पाडायची झाली तर ढोबळमानाने तीन पडतील. पहिलं पट्टीवाल्यांचं. जर्मनीत हॅम्बुर्गला स्टाइनबर्ग कंपनी १९८४ साली सुरू झाली, तिचं क्यूबेस १९८९ साली अटारी संगणकावर आलं. लॉजिकही त्याच परिसरातलं. २००२ साली अ‍ॅपलने लॉजिकची कंपनी विकत घेतली आणि विंडोजवाल्यांना दार बंद झालं. दुसरं घराणं टेपवाल्यांचं. कॅलिफोर्नियाच्या डिजिडिझाइनचं प्रो टूल्स १९९१ साली आलं, ते मुख्यतः ध्वनिफीत कापायची-जोडायची कात्री म्हणूनच. तिसरं आवर्तनवाल्यांचं. बेल्जियमचं फ्रूटीलूप्स, आजचं एफएल स्टुडिओ, आणि २००१ साली बर्लिनमध्ये आलेलं एबलटन लाइव्ह. तिथे छोटा तुकडा बनवायचा, तो फिरवत ठेवायचा आणि त्यावर दुसरा चढवायचा. आज सगळ्यांनी एकमेकांची विद्या उचलली आहे, तरी बाळकडू लपत नाही. एफएल उघडल्यावर हात आधी ठोक्यांच्या चौकोनांकडे जातो, प्रो टूल्स उघडल्यावर माइककडे.

दोन वर्षांपूर्वी साताऱ्याकडच्या एका भजनी मंडळाचं ध्वनिमुद्रण मी आमच्या मागच्या खोलीत केलं. पखवाज, पेटी, बुवा आणि चार टाळकरी. मी शहाणपणा करून क्लिक लावला, मिनिटाला ८४ ठोके. पखवाजवाल्याच्या कानावर हेडफोन चढवला. पहिलं चरण ठीक गेलं. दुसऱ्यात बुवांनी एका शब्दावर जागा घेतली, थोडे रेंगाळले, परत आले तेव्हा क्लिक पुढे निघून गेला होता. तिसऱ्यांदा असं झाल्यावर पखवाजवाल्याने हेडफोन काढून मांडीवर ठेवला आणि म्हणाला, ‘दादा, हे टकटक मागनं येत न्हाई, म्होरं उभं ऱ्हातंय.’ क्लिक बंद केला. एका दमात अभंग झाला. नंतर मोजलं तर सुरुवात ८४ ला होती आणि शेवटचा गजर १२६ ला. ही चढण म्हणजे चूक नव्हे. भजन चढलं नाही तर टाळकऱ्यांनी उभं तरी कशाला राहायचं?

मग मी उलटा उद्योग केला. प्रत्येक आवर्तनाच्या समेवर हाताने एकेक खूण मारत गेलो आणि सॉफ्टवेअरला सांगितलं की ग्रिड आता या खुणांप्रमाणे वाकव. अर्धा दिवस गेला. पण त्यानंतर चढवलेले तानपुरा, बासरी आणि मागचे हलके तंतुवाद्यांचे सूर बुवांच्या मागून चालले, पुढे उभे राहिले नाहीत. ही सोय आज बहुतेक मोठ्या सॉफ्टवेअरमध्ये आहे. लॉजिकमध्ये २०१८ पासून ‘स्मार्ट टेम्पो’ या नावाने ती बरीचशी आपोआप होते, क्यूबेसमध्ये लय ओळखणारं साधन आहे, रीपरमध्ये मी केली तशी हाताने. त्यामुळे गाणाऱ्या माणसाने एखादं सॉफ्टवेअर तपासताना पहिली परीक्षा हीच घ्यावी: क्लिकशिवाय गायलेलं गाणं आत घ्या आणि ग्रिडला त्याच्या मागे चालायला लावा. एका संध्याकाळीत जमलं तर पुढे बोलू.

तालाचं आणखी एक. क्लिकचा पहिला ठोका नेहमी मोठा वाजतो. तीनतालात हे चालून जातं. पण रूपकात सात मात्रा आणि सम ‘खाली’वर असते. तिथे क्लिक जिथे दणका देतो तिथेच तबलजीचा डग्गा गप्प असतो. नवशिक्या गायकाची यात जी त्रेधा उडते ती मी पाहिली आहे. क्लिकचा जोर कुठल्या मात्रेवर पडावा हे बदलता येतं का, हे बघायला दोन मिनिटं लागतात. पण कोणी बघत नाही.

आता सुराकडे. सप्तकाचे १२०० सेंट धरले तर की-बोर्डचा शुद्ध गांधार ४०० वर असतो. तानपुऱ्याच्या तारेतून आपोआप उमटणारा, ज्याला आपण स्वयंभू गांधार म्हणतो, तो ३८६ च्या जवळ. फरक १४ सेंटचा. कागदावर क्षुल्लक वाटतो. पण सा पांढरी एक धरून तानपुरा लावा आणि त्यावर सॉफ्टवेअरमधल्या पॅडचा गांधार धरून ठेवा. जोडीच्या तारांतला गांधार आणि हा गांधार एकमेकांवर घासून सेकंदाला साधारण पाच हेलकावे पडतात. गायकाला कळत नाही काय टोचतंय, तो म्हणतो, ‘आज आवाज लागत नाहीये.’ आवाज नीटच लागलेला असतो. लॉजिकमध्ये सॉफ्टवेअर वाद्यांचे स्वर असे हवे तिथे सरकवण्याची सोय खूप वर्षांपासून आहे. एबलटन लाइव्हने ती २०२४ साली बाराव्या आवृत्तीत आणली. जिथे नाही तिथे साधा उपाय असा की तानपुरा आणि धरून ठेवलेला पॅड एकत्र वापरू नका. तानपुरा असेल तर पॅडमध्ये फक्त षड्ज-पंचम ठेवा. पंचमात फरक दोन सेंटचा, तो कानाला टोचत नाही.

हे वाचताना जाणत्या वाचकाला पेटीची आठवण झाली असेल. व्हायलाच हवी. १९४० साली ऑल इंडिया रेडिओने हार्मोनियमवर बंदी घातली, ती सैल व्हायला १९७१ उजाडलं. आरोप हेच: स्वर ठरीव, मींड नाही, श्रुती नाहीत, परकं वाद्य. आरोप खोटे नव्हते. पण बंदीच्या आधी गोविंदराव टेंबे, मग पी. मधुकर, पुढे अप्पा जळगावकर आणि बोरीहून आलेले तुळशीदास बोरकर यांनी भात्यावरचा दाब, पट्टी अर्धवट सोडणं आणि कणस्वरांची चलाखी यांतून त्याच बारा पट्ट्यांना गायला लावलं. ठाण्याच्या डॉ. विद्याधर ओक यांनी तर पुढे बावीस श्रुतींची पेटीच बनवली. एक वाट हाताने काढली, दुसरी यंत्र बदलून. सॉफ्टवेअरच्या बाबतीतही या दोनच वाटा आहेत आणि ग्रिडला शिव्या देत बसणाऱ्यांनी यातली एकही धरलेली नसते.

यंत्राचा हेतू वापरणाऱ्याला बांधून ठेवत नाही, याचं मुंबईतलंच एक उदाहरण मला फार आवडतं. चरणजित सिंग हे हिंदी चित्रपटसंगीतातले वादक. त्यांनी १९८२ साली रोलँडची तीन यंत्रं जोडून दहा रागांची एक तबकडी केली, डिस्कोच्या ठोक्यावर. त्यातलं टीबी-३०३ हे यंत्र एकट्या गिटारवाल्याला बासची साथ मिळावी म्हणून बनवलेलं होतं. त्या कामात ते सपशेल पडलं आणि कंपनीने लवकरच ते बंद केलं. पण त्यात एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची एक सोय होती. सिंगांनी नेमकी तीच पकडली आणि भैरव, ललत त्या यंत्रातून काढले. तबकडी तेव्हा फारशी खपली नाही. २०१० साली ती युरोपातून पुन्हा निघाली तेव्हा अ‍ॅसिड हाऊसवाले चकित झाले, कारण त्यांच्या संगीताचा जन्म त्यानंतरचा होता. सांगायचा मुद्दा, सिंगांनी यंत्राच्या यादीतल्या शंभर गोष्टी पाहिल्या नाहीत. त्यांना घसरण हवी होती, ती कुठे आहे एवढंच पाहिलं.

‘अमक्या सॉफ्टवेअरचा आवाज गोड आहे’ हे वाक्य मात्र मी आता ऐकून सोडून देतो. मिक्स करणं म्हणजे संगणकाच्या लेखी बेरीज. दोन सॉफ्टवेअरमध्ये तेच ट्रॅक त्याच पातळीवर ठेवा, एकाची निष्पत्ती उलटी करून दुसरीत मिसळा. सगळं सारखं असेल तर हाती शांतता लागते. तशी लागत नाही तेव्हा दोष बहुधा ‘पॅन लॉ’ नावाच्या एका सेटिंगचा असतो. मधोमध ठेवलेला आवाज किती डेसिबलने उतरवायचा, याचा कुठे शून्याचा नियम, कुठे उणे तीनचा. या तीन डेसिबलांवरून मित्रामित्रांत वाद झालेले मी पाहिले आहेत. आणि आतल्या व्हायोलिनांचं म्हणाल तर, अजय-अतुल यांनी ‘सैराट’साठी अमेरिकेत जाऊन हाडामांसाच्या वादकांचा वाद्यवृंद ध्वनिमुद्रित केला. कमी त्यांच्याकडे कुठल्या सॉफ्टवेअरची असणार होती?

आवाज उशिरा येतो ही तक्रारही सॉफ्टवेअरच्या माथी मारली जाते. संगणक आवाज साठवून पुढे ढकलतो तो बफर १०२४ चा ठेवला तर एका टप्प्यालाच २३ मिलिसेकंद लागतात. तेवढ्या वेळात आवाज हवेतून सुमारे आठ मीटर जातो, म्हणजे तबलजी खोलीत नसून अंगणात बसलाय. गाताना बफर १२८ वर आणा, तबलजी शेजारी येऊन बसेल. हे इंटरफेस आणि त्याच्या ड्रायव्हरचं काम.

शास्त्रीय, भजनी आणि सुगमवाले एफएल स्टुडिओला नाकं मुरडतात. त्यात मला जातीचा वास येतो, स्पष्टच सांगतो. गावोगावच्या बँजो पार्ट्या, हलगी, ताशा, मिरवणुकीतले मिक्स, भीमगीतांची नवी रूपं ही आज महाराष्ट्रात लाखोंच्या कानांवर पडणारी गोष्ट आहे आणि तिची मातृभाषा एफएल आहे. हलगीचा तुकडा मुळातच फिरता असतो. आठ ठोक्यांचा चौकोन भरायचा, फिरवायचा आणि त्यावर दुसरा चढवायचा, हे त्या संगीताच्या अंगाला बसतं. तिथे ग्रिड परका नाही. अशा पोराला मी लॉजिक किंवा प्रो टूल्स कधीच सांगणार नाही. त्याच्या गल्लीत एफएल येणारे पाचजण असतात, आणि रात्री अकरा वाजता अडकल्यावर दार ठोठावता येणारा माणूस हा कुठल्याही माहितीपुस्तिकेपेक्षा मोलाचा. मात्र घेताना आवृत्ती नीट बघा. एफएलच्या सर्वांत स्वस्त आवृत्तीत अनेक वर्षं माइकवरून गाणं घेण्याची सोय नव्हती. फुकटच्या चाचणी आवृत्तीत काम साठवता येतं, पण पैसे भरेपर्यंत साठवलेलं पुन्हा उघडत नाही.

त्यामुळे पेन ड्राइव्हवरून येणारं ‘क्रॅक’ हा विषय टाळून चालणार नाही. मी यात सोवळं मिरवत नाही, माझी सुरुवातही तशीच झाली. पण वीस वर्षांपूर्वी जी सबब होती ती आज उरलेली नाही. रीपर साठ दिवस पूर्ण सोयींसह मोकळं वापरता येतं आणि घरगुती परवाना साठ डॉलरला मिळतो. त्यामागचा जस्टिन फ्रँकल म्हणजे विनॅम्प लिहिणारा माणूस. मॅक असेल तर गॅरेजबँड त्यात येतंच आणि त्यातलं काम पुढे लॉजिकमध्ये उघडतं. आर्डरसारखं खुल्या स्रोताचं सॉफ्टवेअर आहे. एफएल एकदा विकत घेतलं की पुढच्या आवृत्त्या जन्मभर फुकट. क्रॅकचा खरा तोटा नीतीचा आहेच, पण त्याहून जवळचा तोटा असा की ते पुढच्या संगणकावर चालेल याची हमी कुणीच देत नाही.

विकत घेतलेलं चालेल याची तरी हमी असते का? नसते. २००९ साली मी एका अभंगमालिकेचं काम एका नावाजलेल्या सॉफ्टवेअरमध्ये केलं, रीतसर पावती फाडून. नऊ वर्षांनी ज्येष्ठ गायकाच्या घरच्यांनी त्यातला नुसता आवाज मागितला. सॉफ्टवेअर नव्या संगणकावर उघडेना. जुना संगणक माळ्यावरून काढला, तर परवान्याची कळ मागणारी खिडकी आली आणि ती कळ देणारी व्यवस्था बंद झालेली. गायक तोवर गेले होते. आवाज त्या फायलींत आहे हे मला ठाऊक होतं, हातात येत नव्हता. आजोबांची पेटी भाता बदलला की वाजते. सॉफ्टवेअरला तसा वारसाहक्क नसतो. १९८७ पासून चाललेलं केकवॉक २०१७ साली त्याच्या मालक कंपनीने एका फटक्यात थांबवलं. सिंगापूरच्या बँडलॅबने पुढच्या वर्षी ते उचललं म्हणून तगलं. महिन्याला भाडं घेणाऱ्या सॉफ्टवेअरला मी याच कारणासाठी शेवटचा नंबर देतो. भाडं थकलं की स्वतःच्याच गाण्याच्या दाराबाहेर उभं राहायचं, हे मला पटत नाही.

त्या अभंगांतले तीन वाचले. कारण तेवढ्यांचे सगळे ट्रॅक मी कुठल्यातरी मिक्सवाल्याला द्यायला म्हणून साध्या वेव्ह फायलींत काढून ठेवले होते.

तेव्हा नाव हवंच असेल तर ऐका. गाणारे असाल आणि विंडोजवर असाल तर रीपर. मॅकवर असाल तर गॅरेजबँड, आणि ते अपुरं पडल्याचं स्वतःला सांगता आलं की लॉजिक. ठोक्यांचं संगीत करणार असाल तर एफएल. मंचावर यंत्रासह वाजवणार असाल तर एबलटन लाइव्ह. प्रो टूल्स तेव्हाच, जेव्हा चित्रपटाच्या स्टुडिओशी फायलींची देवाणघेवाण करायची असेल. याहून वेगळं काही तुमच्या शेजाऱ्याला उत्तम येत असेल, तर माझं ऐकू नका, त्याचं ऐका.

आणि काहीही घ्या, गाणं पूर्ण झालं त्याच रात्री प्रत्येक ट्रॅक शून्यापासून वेव्हमध्ये काढून दुसऱ्या डिस्कवर ठेवा. फायलीच्या नावात तारीख लिहा, ताल लिहा, लय बदलती असेल तर तसं लिहा. आणि सा कुठला होता, पांढरी चार की काळी पाच, तेवढं लिहायला विसरू नका.